स्त्रीबीजदान : सही करण्याआधी काय माहीत असावे?



आरोग्याच्या या पानावर यावेळी जरा अवघड विषय घेतला आहे. वस्तीतल्या बायका तो आपसात कुजबुजतात, विहारात कोणी काढत नाही आणि दवाखान्यात विचारायची लाज वाटते. "ताई, बीज दिलं तर पैसे मिळतात म्हणे. खरं का? पुढे काही त्रास होतो का?" असा प्रश्न आमच्याकडे येतो, तेव्हा विचारणारी बाई बहुधा नाव शेजारणीचे सांगते आणि विचारत असते स्वतःसाठी. म्हणून एकेकीला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठी लिहावे असे आम्ही ठरवले.

ज्या जोडप्याला मूल होत नाही, त्यातल्या बाईच्या अंडाशयात बीज तयार होत नसेल, वय जास्त झाले असेल किंवा कर्करोगाच्या उपचारात अंडाशय निकामी झाले असेल, तर दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन प्रयोगशाळेत गर्भ तयार करतात. टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो ते हेच तंत्र. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली या तंत्राने मूल जन्मले, तेव्हा ती पेपरात छापून येणारी नवलाई होती. आज नाशिक, सुरत, पुणे, मुंबईच नव्हे तर जिल्ह्याच्या गावांतही अशी केंद्रे आहेत. केंद्रे वाढली तशी बीज देणाऱ्या बायकांची मागणीही वाढली. ही मागणी फिरत फिरत कोणाच्या दारात येते? जिच्यावर फायनान्सचा हप्ता थकला आहे, नवऱ्याचे लूमवरचे काम सुटले आहे किंवा मुलीच्या नर्सिंगची फी भरायची आहे, तिच्याच दारात. बंगल्यातल्या बाईला "बीज देतेस का?" असे कोणी विचारत नाही.

त्यात पाप आहे, बाटणे आहे, परपुरुषाचा संबंध आहे, असले काही आम्ही मानत नाही आणि कोणी मानूही नये. यात कोणा पुरुषाचा संबंध येत नाही. एखाद्या स्त्रीने सगळे समजून, कोणाच्या दबावाशिवाय बीज दिले तर ते दानच आहे. पण दानाला धम्मात एक अट आहे. ते देणाऱ्याच्या मनातून यावे लागते. कर्जाने गळा आवळलेल्या बाईकडून एजंटाने काढून नेले, तर त्याला दान म्हणता येणार नाही. बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात प्राण्यांचा आणि माणसांचा व्यापारही आहे. तो ठपका दलालावर येतो, गरजू बाईवर नाही.

आता शरीराचे पाहू. दोन गैरसमज फार पसरलेले आहेत.

पहिला गैरसमज असा, की कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले म्हणजे बीज बंद झाले, "आता ते वायाच जातंय, देऊन टाकलं तर काय बिघडलं?" त्या ऑपरेशनमध्ये फक्त नळी बांधतात. अंडाशय पूर्वीसारखेच चालू असते. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईकडूनही बीज घेता येते, आणि तिला होणारा त्रासही दुसऱ्या कोणाइतकाच असतो. दुसरा गैरसमज उलटा आहे, की बीज दिले तर साठा संपतो आणि पाळी लवकर जाते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. दर महिन्याला काही बीजे वाढू लागतात, त्यातले एक पिकते आणि बाकीची सुकून जातात. औषध देतात ते या सुकून जाणाऱ्या बीजांना पिकवण्यासाठी. त्यामुळे एकदा बीज दिल्याने पाळी लवकर जाते असे दिसलेले नाही. पण म्हणून काहीच होत नाही असेही नाही.

प्रक्रिया अशी असते. आधी रक्ताच्या तपासण्या होतात : एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, रक्तगट, साखर, थायरॉइड, थॅलेसेमिया. सोनोग्राफी करून अंडाशय पाहतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण नऊ ते बारा दिवस रोज पोटावर हार्मोनची इंजेक्शने देतात, आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. बीजे पुरेशी वाढली की एक शेवटचे इंजेक्शन देतात, त्यानंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून लांब सुईने बीजे ओढून घेतात. हे काम वीस-तीस मिनिटांचे असते. एजंट सांगतो ते एवढेच : "अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी." त्याआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे दहा दिवस तो सांगत नाही.

त्या दहा दिवसांविषयी नीट वाचा. इंजेक्शनांमुळे दोन्ही अंडाशये फुगलेली असतात. लिंबाएवढे अंडाशय संत्र्याएवढे किंवा त्याहून मोठे होते. अशा वेळी जड उचलले, झटका बसला तर ते स्वतःभोवती पिळले जाऊ शकते. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर वेळ घालवू नये, ताबडतोब ऑपरेशन लागू शकते. म्हणजे पाण्याचा हंडा, विटांची पाटी, कापसाचे गाठोडे काही दिवस उचलायचे नाही. आपल्या बायकांना हे जमते का? रोज बुडाला तर चूल कशी पेटवायची? म्हणून मिळणाऱ्या रकमेतून बुडालेली मजुरी, येण्याजाण्याचे भाडे आणि लेकरांना सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वजा करून पाहावा. मग आकडा खूप लहान दिसतो.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. काही बायकांच्या अंडाशयावर औषधाचा परिणाम प्रमाणाबाहेर होतो. रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून पोटात, कधी छातीत साचते आणि रक्त घट्ट होते. थोडे पोट फुगणे, जडपणा वाटणे हे पुष्कळ जणींना होते आणि आठवड्याभरात बरे होते. तीव्र स्वरूपाचा त्रास साधारण शंभर बायकांमागे एखादीलाच होतो, पण तो जिवावर बेतू शकतो. कमी वयाच्या, सडपातळ आणि पीसीओडी असलेल्या बायकांना त्याचा धोका जास्त असतो. पोट वेगाने फुगणे, दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, थांबत नसलेल्या उलट्या, धाप लागणे, पायाची पोटरी सुजून दुखणे, ताप येणे, अंगावरून जास्त रक्त जाणे, यांतले एकही लक्षण दिसले तर "गॅस झाला असेल" म्हणत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात जावे. तिथे डॉक्टरांना "बीज काढले आहे, अमुक दिवशी काढले" हे स्पष्ट सांगावे. लपवले तर डॉक्टर अपेंडिक्स शोधत बसतील. सासूपासून लपवायचे असेल तर लपवा, डॉक्टरपासून लपवू नका.

आणखी एक गोष्ट केंद्रात बऱ्याचदा घाईत सांगितली जाते. त्या महिन्यात नवऱ्याशी संबंध आला आणि एखादे बीज आत राहून गेले, तर गर्भ राहू शकतो, जुळी-तिळीही राहू शकतात. ज्यांचे ऑपरेशन झालेले नाही त्यांनी पुढची पाळी येईपर्यंत संबंध टाळावा.

आपल्या भागासाठी दोन तपासण्या विशेष महत्त्वाच्या. एक हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढायचे, बाकीचा विचार नंतर. दुसरी सिकलसेल. धुळे-नंदुरबार पट्ट्यात आदिवासी बांधवांत तो आजार आहे, विदर्भात आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे, आणि तिकडच्या-इकडच्या सोयरिकी होतातच. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला या हार्मोनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वाहक असेल तर दोष पुढच्या बाळात जाऊ शकतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. बीज द्या किंवा देऊ नका, ती करून घ्या.

वर्षानुवर्षांनंतर काय होते, कर्करोग होतो का, हे बायका विचारतात. आजवरच्या अभ्यासात बीज देण्याचा आणि कर्करोगाचा ठाम संबंध दिसलेला नाही. पण बीज देऊन गेलेल्या बायकांची पुढे दहा-वीस वर्षे विचारपूस कोणी फारशी केलेलीच नाही. जिचे बीज लागले तिची फाईल जपून ठेवतात, जिने दिले ती घरी गेली की विषय संपतो. "काहीही होत नाही" असे कोणी छातीठोक सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कायदा कोणत्या बाजूने आहे?

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत भंगाराच्या कामावर मजुरी करणारी १७ वर्षांची एक मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांनी मरण पावली. दीड वर्षात ती तिची तिसरी वेळ होती. मृत्यूच्या कारणाबद्दल वेगवेगळी मते मांडली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. पण एका अल्पवयीन मुलीच्या अंडाशयातून तीनदा बीजे काढली गेली तेव्हा तिचे वय कोणी तपासले, हा प्रश्न उरलाच. त्या वेळी देशात यासाठी कायदा नव्हता, होती ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वे. ती मोडली तर शिक्षा नव्हती.

कायदा यायला आणखी अकरा वर्षे गेली. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ हा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या तरतुदी प्रत्येक भगिनीने पाठ कराव्यात अशा आहेत. बीज देणारीचे वय २३ ते ३५ असावे. आयुष्यात एकदाच देता येते. एका वेळी सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. एका स्त्रीचे बीज एकाच जोडप्याला देता येते. तिची तपासणी आणि नोंद फक्त नोंदणीकृत बँकेनेच करायची. आणि बीज घेणाऱ्या जोडप्याने तिच्या नावाने बारा महिन्यांचा विमा काढायचा, ज्यात बीज काढल्यामुळे उद्भवणाऱ्या त्रासाचा खर्च यावा.

सातचा आकडा का, हे समजून घ्या. औषधाचा डोस जितका जास्त, तितकी बीजे जास्त आणि तितका धोका जास्त. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "माझी किती बीजे काढणार?" जो "जितकी निघतील तितकी" म्हणेल, त्याच्या केंद्रातून उठून या.

विम्याबद्दल तर आम्ही हट्टाने सांगू. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा असा होता, की बाईच्या श्रमाचा फायदा ज्याला मिळतो त्या मालकाने तिच्या बाळंतपणाच्या काळाचा भार काही अंशी उचलला पाहिजे. विम्याच्या तरतुदीमागचा न्याय तोच आहे. मूल ज्यांना मिळणार, धोक्याचा खर्च त्यांचा. पण पॉलिसी निघते आणि बाईला तिचा कागदही दिसत नाही, मग ती दवाखान्यात काय दाखवणार? पहिल्या इंजेक्शनआधी पॉलिसीची प्रत हातात घ्या, कंपनीचे नाव आणि नंबर घरात लिहून ठेवा. कागद नाही तर इंजेक्शन नाही.

पैशांबाबत कायदा सरळ आहे. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. बीज देणाऱ्या बायका मिळवण्यासाठी मध्यस्थ वापरणे हाही गुन्हा आहे, आणि बीज देणारीचे शोषण करणे हाही. पहिल्यांदा पाच ते दहा लाख रुपये दंड, पुन्हा केले तर तीन ते आठ वर्षे कैद आणि दहा ते वीस लाख दंड. म्हणजे जी मावशी किंवा जो भाऊ "मी घेऊन जातो, तुला इतके मिळवून देतो" म्हणतो, तो मुळातच कायद्याबाहेर उभा आहे. त्याने कबूल केलेली रक्कम दिली नाही तर ती मागायला बाई कुठल्या दारात जाणार? तोंडी सौद्याचे पैसे बुडतात ते याचमुळे. गोरी आहे का, उंच आहे का, शिकलेली आहे का आणि शेवटी जात कोणती, अशी चौकशी या धंद्यात होते हे अनेक पत्रकारांनी लिहिले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाची जात अजून कोणाला दिसलेली नाही, पण भाव मात्र जात पाहून ठरतो!

वय बसत नसेल किंवा आधी एकदा दिले असेल तर एजंट दुसऱ्याचे आधार कार्ड वापरायला सांगतो. २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या इरोडला एका १६ वर्षांच्या मुलीकडून वारंवार बीजे काढल्याचे उघडकीस आले. खोट्या आधार कार्डावर तिचे वय वाढवले होते, आणि अटक झालेल्यांत तिची आईही होती. दुसऱ्याच्या नावावर बीज दिले तर आपण स्वतः गुन्ह्यात अडकतो. विमाही त्या नावाचा निघतो, आणि अडचण आली तर आपण कोण हेच सिद्ध करता येत नाही.

"उद्या ते मूल माझ्या दारात येईल का? माझा त्याच्यावर हक्क राहील का?" दोन्हींचे उत्तर कायद्याने दिले आहे. मूल त्या जोडप्याचेच मानले जाते, बीज देणारीचा हक्कही राहत नाही आणि पोसण्याची जबाबदारीही येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांच्यासमोर असेच प्रकरण आले होते. धाकट्या बहिणीने मोठीसाठी बीज दिले, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे पती-पत्नीत बिनसले आणि मुलींची खरी आई कोण असा वाद उभा राहिला. बीज देणारीला आई म्हणून कायदेशीर हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि मोठ्या बहिणीला मुलींना भेटण्याची परवानगी दिली. मुली २०२१ च्या कायद्याआधीच्या व्यवस्थेतल्या होत्या, तरी निर्णय हाच झाला. ज्या बाईला मनातून वाटते की "माझ्या रक्ताचं मूल कुठेतरी वाढतंय" हा विचार आयुष्यभर टोचेल, तिने देऊ नये. त्यात कमीपणा काही नाही. हा विचार इंजेक्शन सुरू होण्याआधी करायचा असतो.

सही स्वतःची, स्वतः वाचून. नवऱ्याने होकार दिला म्हणून बाईची संमती होत नाही. संमतीचा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. मध्येच नको वाटले तर नाही म्हणता येते. संमतीशिवाय कोणीही सुई लावू शकत नाही. इंजेक्शने चालू असताना थांबायचे असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. शेवटचे इंजेक्शन घेतले नसेल तर वाढलेली बीजे आपोआप आक्रसतात, आणि तीव्र त्रासाचा धोकाही फारच कमी होतो. "आमचा औषधाचा खर्च भरून दे" असे कोणी धमकावले तर तो माणूस नक्कीच एजंट आहे असे समजा.

केंद्र आणि बँक नोंदणीकृत आहे का, हे प्रमाणपत्र पाहून ठरवा. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. तपासण्यांचे सगळे रिपोर्ट आपले असतात, त्यांची प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला आपल्या बायका मोठ्या संख्येने जमतात. वर्षावासात विहारातही बसतात. तिथे हा विषय मोकळेपणाने निघावा अशी आमची इच्छा आहे, कारण एजंट एकट्या बाईला गाठतो, चार जणींत बसलेल्या बाईला नाही. हप्त्यासाठी कोणी बीज द्यायला निघाली असेल तर तिला आधी बचत गटात बोलायला लावा.

आणि जिची फसवणूक झाली आहे, तिने गप्प बसू नये. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आहे. धुळे जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड, रिपोर्ट, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या, फोनमधले मेसेज जे असेल ते सोबत न्यावे. एकही कागद हाती नसेल तरी जावे.